संडासची लागली की थांबवता येत नाही. सोलापुरात नेमकं कुणाला दाखवू?

भाकरीवाली
१२ ऑगस्ट, रात्री ११.४०

घरातले सगळे झोपलेत, म्हणून आत्ता लिहायला बसले. नाव सांगत नाही, राग मानू नका.

वय ५४. पूर्व भागात राहते. कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा घरगुती धंदा आहे, सोळा वर्षं झाली. हाताखाली दोन बायका आहेत. सकाळी पाचला तवा तापतो, अकरापर्यंत दीडशे भाकरी थापून होतात. सगळं सांगते कारण माझी अडचण धंद्याशी जोडलेली आहे.

चार वर्षांपूर्वी सुरुवात झाली. आधी फक्त गॅस धरून ठेवता येईना. ते मी कुणाच्या लक्षात येऊ दिलं नाही. मग संडासची लागली की दम निघेना. तवा खाली उतरवून, हात धुऊन मोरीपर्यंत जाईस्तोवर कपड्यात होतं. ज्वारीचं पोतं उचललं, जोरात खोकला आला, तरी थोडं बाहेर येतं. पातळ असलं तर जास्त. आठवड्यातून चार-पाच वेळा. जुन्या सुती साडीच्या घड्या करून आत ठेवते आणि गुपचूप धुते.

लोकांच्या तोंडात जाणारं अन्न माझ्या हातानं होतं. मी दर वेळी आंघोळ करते, कपडे बदलते, कोपरापर्यंत हात साबणानं धुते, मगच पिठाला हात लावते. एखाद्या सकाळी तीनदा आंघोळ होते. बायका विचारतात, अक्का आज परत डोक्यावरून पाणी घेतलं का? मी म्हणते, उकडतंय.

बाहेर जाणं संपलंय. भावाच्या नातवाच्या बारशाला अक्कलकोटला गेले नाही, कारण एसटीत संडास नसतो. तीन वर्षं गड्ड्याच्या जत्रेला गेले नाही. सिद्धेश्वराच्या देवळात तर पाऊलच टाकलं नाही, तिथं काही झालं तर काय करू? कुठं जायचंच असलं तर आदल्या रात्रीपासून उपाशी राहते. साखरेच्या गोळ्या आठ वर्षांपासून चालू आहेत, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेल्या. मागच्या महिन्यात अशी उपाशीपोटी नवी पेठेत गेले आणि घाम फुटून दुकानाच्या पायरीवरच बसले.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना एकदा अर्धवट सांगितलं. म्हणाले, वय झालं की व्हायचंच, जुलाब थांबवायची गोळी घ्या. मग मी लग्नाकार्याच्या दिवशी मनानंच दोन-दोन गोळ्या घ्यायला लागले. मग तीन दिवस होतच नाही, चौथ्या दिवशी असं होतं की विचारू नका.

नवऱ्याला माहीत नाही. मुलीला कळलं, तिच्या हाती एक घडी लागली. ती काही बोलली नाही, धुऊन वाळत घातली. तिला आता दिवस गेलेत, दिवाळीनंतर बाळंतपणाला इकडे येणार आहे. ती यायच्या आत मला काहीतरी करायचंय.

हे बरं होतं का? कुठल्या डॉक्टरकडं जातात यासाठी? बाईडॉक्टर की पोटाचे?


सांगोलेकर
१३ ऑगस्ट, सकाळी ७.१५

ताई, डाळिंबाच्या सालीचा काढा सकाळ-संध्याकाळ घ्या. आमच्याकडं बागा आहेत, सगळे हेच करतात. जुलाब दोन दिवसांत बांधला जातो. तेल-तिखट बंद करा.


निवृत्त सिस्टर
१३ ऑगस्ट, दुपारी २.०५

ताई, मी सर्जरी आणि बाळंतपणाच्या वॉर्डात मिळून ३१ वर्षं नोकरी केली. डॉक्टर नाही, पण हे दुखणं असलेल्या बायका खूप पाहिल्या. त्यातल्या बहुतेकींनी ते वर्षानुवर्षं लपवलेलं होतं. तुम्ही लिहिलंत, फार बरं केलंत.

आधी दोन गोष्टी विचारते. पहिली, होताना तुम्हाला कळतं का? म्हणजे जोराची कळ येते आणि थांबवता येत नाही, की काहीच न कळता कपडा ओला लागतो? दुसरी, तुमची बाळंतपणं कशी झाली? बाळ काढायला चिमटा लावला होता का, टाके किती पडले, बाळाचं वजन काय होतं?

हे का विचारते ते सांगते. गुदद्वाराला स्नायूंच्या दोन कड्या असतात, एकात एक. आतली कडी आपल्या इच्छेवर चालत नाही. रात्रंदिवस, झोपेतसुद्धा, ती आपोआप आवळलेली असते आणि एरवी दार बंद ठेवायचं बरंचसं काम तीच करते. बाहेरची कडी आपल्या ताब्यातली. लागली आणि संडास लांब आहे, तेव्हा आपण आवळतो ती हीच. शिवाय वर एक स्नायू गोफणीसारखा मलाशयाच्या मागून वेढा घालून पुढं हाडाला बांधलेला असतो. त्यानं नळीला बाक येतो आणि त्या बाकामुळं वरचा माल एकदम खाली उतरत नाही. या सगळ्यांना खबर देणाऱ्या नसा वेगळ्याच. आत आलंय ते गॅस आहे की पातळ की घट्ट, हे त्याच सांगतात.

कळूनही थांबत नसेल तर बाहेरच्या कडीकडं बोट जातं. न कळता झिरपत असेल तर आतल्या कडीकडं किंवा नसांकडं. मधुमेहात या नसा मंद होऊ शकतात. म्हणून "वय झालं" एवढ्यावर भागत नाही. वयानं स्नायू ढिले पडतात हे खरं, पण ते कारण शोधायचं सोडून देण्याचं निमित्त नव्हे.

आता तुमच्या गोळ्यांबद्दल. मेटफॉर्मिननं कित्येकांना पातळ होतं. त्या मनानं बंद करू नका, पण डॉक्टरांना सांगा. हळूहळू विरघळणारी मेटफॉर्मिन मिळते, तिनं पोटाला त्रास कमी होतो. आणि ग्लिमेपिराइड घेऊन उपाशी राहणं आजपासून बंद. नवी पेठेत तुमची साखर उतरली असणार. चक्कर येऊन रस्त्यात पडला असता तर काय झालं असतं?

जुलाब थांबवायची गोळी वाईट नाही. लोपेरामाइड या दुखण्यातही देतात, पण मात्रा डॉक्टर ठरवतात, अगदी थोडीपासून सुरू करून. तुम्ही एकदम जास्त घेता, आतडं थबकतं, साचतं आणि मग एकदम सुटतं. सांगोलेकर भाऊ, तुमच्या काढ्यानं पातळपणा कमी होत असेलही, पण फाटलेली कडी काढ्यानं सांधत नाही. ताईंना तर वर बद्धकोष्ठ व्हायचं भय.

डॉक्टर कोण? जनरल सर्जन, आणि मिळाले तर मोठ्या आतड्याचे नि गुदद्वाराचे सर्जन. सिव्हिलच्या सर्जरी ओपीडीत केसपेपर काढून गेलात तरी सुरुवात होते. बोटानं तपासतात, आवळायला सांगतात, लाज वाटते पण दोन मिनिटांचं काम. त्यावरून पुढच्या तपासण्या ठरतात. तोंडानं सांगता येत नसेल तर तुम्ही वर लिहिलंय तेच कागदावर उतरवून हातात द्या. "जुलाब होतात" असं म्हणू नका, नाहीतर परत जुलाब थांबवायचीच गोळी मिळेल. "ताबा राहत नाही" हे शब्द वापरा.

रक्त पडत असेल, वजन उतरत असेल तर दुर्बिणीची तपासणी लांबवू नका. आणि बसतो ती जागा किंवा मांड्यांच्या आतला भाग अचानक बधिर झाला, लघवी अडली, पायातला जोर गेला, तर ओपीडीची वाट न बघता त्याच दिवशी इमर्जन्सीत जायचं. ते मणक्यातली नस दबल्याचं लक्षण असू शकतं.


भाकरीवाली
१३ ऑगस्ट, रात्री १०.५०

सिस्टर, तुमचं दोनदा वाचलं. मला कळतं. जोरात कळ येते, थांबत नाही.

मुलगी १९९७ साली झाली. दीड दिवस कळा दिल्या. चिमटा लावला, पावणेचार किलोची होती. टाके खूप आहेत एवढंच सांगितलं, किती ते नाही. पंधरा दिवस गॅस आपोआप सुटत होता. सासूबाई म्हणाल्या, ओली बाळंतीण आहेस, होईल बरं. आणि झालंही बरं. त्याचा याच्याशी संबंध असेल का? अठ्ठावीस वर्षं झाली की हो त्याला.


निवृत्त सिस्टर
१४ ऑगस्ट, सकाळी ९.३०

असू शकतो. मोठं बाळ, चिमटा, लांबलेल्या कळा, यात समोरच्या बाजूनं कडी फाटू शकते. कधी ती फाटलीय हेच त्या गर्दीत लक्षात येत नाही, वरवर टाके पडतात. तरुणपणी उरलेले स्नायू भार उचलतात. पाळी गेली, स्नायू सैलावले, त्यात साखर आणि पातळ होणं आलं, की जुनी तूट उघडी पडते. माझ्या पाहण्यात बऱ्याच बायकांना हे पन्नाशीतच सुरू झालं.

डॉक्टरकडं जाईपर्यंत एवढं करा. एका वहीत रोज लिहा: किती वाजता झालं, पातळ की घट्ट, त्याआधी काय खाल्लं-प्यालं. जागा साध्या पाण्यानं धुवा, डेटॉल-साबण नको, मऊ कपड्यानं टिपून घ्या, घासू नका. कातडी लाल असेल तर झिंक ऑक्साइडचं मलम लावा. आणि साडीच्या घड्यांऐवजी औषधाच्या दुकानातले पॅड आणा. ओल्या कापडानं कातडी सोलवटते.


होटगी रोड
१४ ऑगस्ट, संध्याकाळी ६.२०

सिस्टरांनी लिहिलंय ते बरोबर आहे. मी फक्त वडिलांचं सांगतो, कारण आमच्याकडं उलटंच निघालं. इथं वाचणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

वडील ७८ वर्षांचे, आयुष्यभर यंत्रमागावर. मागच्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, अंथरुणाला खिळले. दुखण्याच्या जोरदार गोळ्या चालू होत्या. महिन्याभरानं अंथरुणात पातळ गळायला लागलं, दिवसातून सात-आठ वेळा. आम्हाला वाटलं जुलाब. भाकरी बंद केली, ताक-भात दिला, जुलाब थांबायची गोळी दिली. गळणं वाढतच गेलं, पोट टणक झालं, जेवण सुटलं. वडिलांना वाटायचं की मुलं आपल्याला कंटाळली. एकदा रात्री म्हणाले, मला गावाकडं नेऊन ठेव.

दुसऱ्या डॉक्टरांनी घरी येऊन बोटानं तपासलं. आत दगडासारखा खडा होता. मागचं पातळ त्याच्या कडेनं झिरपत होतं आणि आम्ही ते थांबवायच्या गोळ्या देत होतो. एनिमा देऊन मोकळं केलं, मग रोज पातळ करायचं औषध. जुलाबासारखं दिसणाऱ्या दुखण्यावर जुलाब करणारंच औषध, आमचा विश्वास बसेना. पण आठवड्यात गळणं थांबलं. दुखण्याच्या असल्या जोरदार गोळ्यांनी आतडं मंदावतं हे तेव्हा कळलं.

आता रोज सकाळी चहा-नाश्ता झाला की वीस मिनिटांनी त्यांना कमोडच्या खुर्चीवर बसवतो, पायाखाली लाकडी पाट. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपोआप हलतं, तीच वेळ पकडायची असं डॉक्टरांनी शिकवलं. गुडघे कमरेपेक्षा वर राहिले की सहज होतं. अंथरूण कोरडं असतं. वडील परत पेपर मागायला लागलेत.

ताई, तुमचं वेगळं आहे, पण बोटानं तपासल्याशिवाय कुणी गोळी दिली तर घेऊ नका.


भाकरीवाली
२ डिसेंबर, रात्री ९.१५

चार महिने झाले. काही जणांनी विचारलं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

कागद लिहून नेला. सर्जननी पूर्ण वाचला आणि पहिलं विचारलं, कधीपासून एकट्यानं सोसताय? मला रडूच आलं. बोटानं तपासलं, आवळा म्हणाले, मी सगळा जोर लावला तर म्हणाले, जोर पोटाचा लागतोय, कडीचा नाही. मग पुण्याला पाठवलं. तिथं आतून सोनोग्राफी आणि दाब मोजायची तपासणी असते.

पुण्याला जायचं म्हणजे नवऱ्याला सांगणं आलं. दुपारी भाकरी पॅक करताना सांगितलं, मान वर न करता. ते गप्प राहिले. मग म्हणाले, हुतात्मानं जाऊ, रेल्वेत संडास असतो, दाराजवळची जागा घेतो. एवढंच. मी चार वर्षं कशाला घाबरत होते देव जाणे.

सोनोग्राफीत दिसलं. बाहेरच्या कडीचा समोरचा भाग नाहीच. डॉक्टरांनी घड्याळ काढून दाखवलं, दहापासून दोनपर्यंत मोकळी जागा. आतली कडीही तिथं पातळ. म्हणजे १९९७ चंच. ऑपरेशन करून टोकं जोडता येतात, पण काही वर्षांनी त्याचा गुण कमी होत जातो, म्हणून आधी व्यायाम आणि औषध, मग बघू, असं ठरलं. नसेला बारीक यंत्रानं चालना द्यायचाही उपचार आहे म्हणे. तो खर्चाचा आहे. माझी गाडी अजून तिथवर गेलेली नाही.

व्यायाम असा: गॅस अडवतो तसं आवळायचं आणि वर ओढायचं. पोट, मांड्या, कुल्ले ढिले. श्वास रोखायचा नाही. सुरुवातीला मला तीन आकड्यांपर्यंतसुद्धा धरवत नव्हतं. आता दहापर्यंत धरते. दहा वेळा, दिवसातून तीनदा. पुण्यात पडद्यावर रेघ दिसायची, बरोबर आवळलं की ती वर चढायची. चार वेळा गेले. त्यामुळं नेमका कुठला स्नायू ते समजलं, घरी नुसतं वाचून मला ते जमलं नसतं. भाकरी थापताना करत नाही, लक्ष विभागतं. तवा थंड झाल्यावर करते.

पोत्याचंही तिथंच शिकले. उचलायच्या आधी आवळायचं, मग उचलायचं, आणि उचलताना श्वास सोडायचा. तरी मोठं पोतं मी आता उचलत नाही. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आणतो तो दुकानदार दहा-दहा किलोच्या पिशव्या करून देतो.

वहीतून कळलेलं सांगते. माझे वाईट दिवस म्हणजे रिकाम्या पोटी दोन कप दुधाचा चहा प्यालेले दिवस. आणि ज्या दिवशी चटणी कुटताना चाखत बसते तो दिवस. मला वाटायचं भाकरीनं होतंय, म्हणून मी माझीच भाकरी बंद केली होती. भाकरीचं काही नव्हतं. आता एकच चहा, तोही नाश्त्यानंतर, आणि चटणी दुसरी बाई चाखते.

मेटफॉर्मिन बदलून हळू विरघळणारी दिली, पंधरा दिवसांत फरक पडला. रात्री एक चमचा इसबगोल, पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं. मला वाटायचं ते फक्त बद्धकोष्ठावर असतं, पण ते पातळालाही बांधतं. बांधलेलं असलं की धरून ठेवता येतं, एवढं सोपं आहे ते. लोपेरामाइडची २ मिलिग्रॅमची एकच गोळी, बाहेर जायच्या अर्धा तास आधी, तीही गरजेच्या दिवशीच.

सगळं थांबलं असं नाही. पंधरवड्यात एखादी वेळ होते. गॅसवर अजून पुरता ताबा नाही. पण आता मोरीपर्यंत पोचते. कार्तिकात अक्कलकोटला एसटीनं गेले आणि एसटीनंच परत आले.

सिस्टर, आता मुलीचं विचारते. ती आलीय, नववा लागला. तिला मी सगळं सांगितलं. तिचं बाळंतपण असं होऊ नये म्हणून डॉक्टरांना काय सांगू?


निवृत्त सिस्टर
३ डिसेंबर, सकाळी ८.४०

तुम्ही अक्कलकोटला गेलात हे वाचून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

लेकीचं. तुम्हाला झालं म्हणून तिलाही होईल असं नाही. पण नाव नोंदवलंय तिथं तुमची ही हकिकत आधीच सांगा. डोकं बाहेर येताना खालच्या जागेवर गरम पाण्यात पिळलेल्या कापडाचा शेक देतात, त्यानं खोल फाटणं कमी होतं. तुमच्याकडं तसं करतात का, असं विचारा. बाळाचं डोकं हाताचा आधार देऊन हळू बाहेर येऊ द्यायचं असतं, "जोर लाव, जोर लाव" म्हणून एकदम ढकलायचं नसतं. चिमटा कधी बाळाच्या जिवासाठी लागतो, त्याला नाही म्हणू नका.

महत्त्वाचं नंतरचं आहे. टाके घालण्याआधी आणि घातल्यावर बोटानं गुदद्वाराची कडी तपासली का, हे तुम्ही स्वतः विचारा. कडी फाटली असेल तर ती तेव्हाच, चांगल्या उजेडात, जाणत्या हातानं जोडली की पुष्कळशा बायका ठीक राहतात. मग काही दिवस पातळ करायचं औषध, कुंथायचं नाही. आणि सहा आठवड्यांनी दाखवायला जाल तेव्हा "गॅस सुटतो का, लागली तर धरता येतं का" हे तिला कुणी विचारणार नाही. तिनंच सांगायचं. "ओली बाळंतीण आहेस, होईल बरं" यावर तिला घरी परत येऊ देऊ नका.

शेकासाठी मऊ सुती कापड लागेल. जुन्या साडीच्या न वापरलेल्या घड्या उरल्या असतील तर स्वच्छ उकळून, उन्हात वाळवून पिशवीत भरून ठेवा.